मिनिटाला ७८ फेरे

हॉस्टेलवर प्रत्येकाला एखादं तरी वेड असतं. कुणाला ट्रेकिंगचं, कुणाला क्रिकेटचं, कुणाला परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजता मॅगी करण्याचं. माझं वेड मात्र वजनदार आहे, म्हणजे अगदी वजनकाट्यावर ठेवून बघावं असं. दहा इंची एक तबकडी साधारण दोनशे ग्रॅमच्या पुढे भरते आणि अशा एकतीस तबकड्या माझ्या कॉटखाली आहेत. रूम बदलायची वेळ आली की माझ्या सगळ्या मैत्रिणींना एकदम सबमिशन आठवतं!

थोडक्यात सांगायचं तर मी शास्त्रीय संगीताच्या जुन्या, सेकंडहँड रेकॉर्ड शोधत फिरते. यावर लोक मला नेहमी तीन प्रश्न विचारतात. एक, यूट्यूबवर सगळं फुकट मिळत असताना ही हमाली कशाला? दोन, वाजवतेस कशावर? आणि तीन, इंजिनिअरिंग पूर्ण करायचा विचार आहे ना? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी परीक्षा विभागावर सोपवलं आहे. पहिल्या दोन प्रश्नांसाठी हा लेख.

आधी या वस्तू मिळतात कुठे ते सांगते. इंग्लंडमध्ये यासाठी फार सभ्य सोय आहे. तिथे ऑक्सफॅमसारख्या सेवाभावी संस्थांची दुकानं असतात. लोक घरातल्या नको झालेल्या वस्तू तिथे दान करतात, संस्था त्या विकते आणि पैसा मदतकार्याला लावते. आपल्याकडची रेकॉर्ड एवढी नशीबवान नसते. ती आधी माळ्यावर जाते, माळ्यावरून भंगारवाल्याकडे, आणि तिथून फुटली नाही तर बाजारात. मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट, पुण्यात जुना बाजार. जुना बाजार भरतो बुधवारी आणि रविवारी. बुधवारी लेक्चर्स असतात (आणि अटेंडन्सही), त्यामुळे माझा वार रविवार.

मेकॅनिकलच्या मुलांना जुना बाजार नवीन नाही. पाने, बेअरिंग, ड्रिलचे बिट, जुन्या मोटारी यांच्यासाठी आपलं निम्मं वर्कशॉप तिथे भेटतं. जमिनीवर गोणपाट नाहीतर ताडपत्री अंथरलेली असते. त्यावर नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळं, पितळी अडकित्ते, मिक्सरची भांडी आणि मध्येच कुठेतरी एखाद्या कडेला काळ्या तबकड्यांची चवड.

"मामा, या केवढ्याला?"

"एक घेतली तर दीडशे. सगळ्या घेतल्या तर बोला."

"चालतात का पण?"

"चालतात म्हणजे काय ताई, पळतात!"

पळतात की नाही ते मात्र आपलं आपणच बघायचं, कारण बाजारात प्लेअर नसतो. माझी पद्धत अशी. पहिली परीक्षा कानाची. मडकं घेताना जसं बोटाने वाजवून बघतात तशी तबकडी मधल्या भोकात बोट घालून अलगद धरायची आणि कडेला टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर अखंड आहे. बद्द वाजली तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. दुसरी परीक्षा डोळ्यांची. तबकडी उन्हात तिरकी धरायची. काळी कुळकुळीत चमकली तर उत्तम, राखाडी दिसली तर झिजलेली. ग्रामोफोनची स्टीलची सुई प्रत्येक बाजूनंतर बदलायची असते. घरातल्यांनी काटकसर करून एकच सुई महिनोन् महिने वापरली असेल तर तिने सगळ्या चरांची नांगरणी केलेली असते. तिसरी परीक्षा, लेबल आणि चर यांच्यामधला गुळगुळीत भाग बघायचा. तिथे काही आकडे आणि अक्षरं ठसवलेली असतात. हा त्या मुद्रणाचा नंबर. पुढे त्याचं काम पडणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

या ७८ च्या तबकड्या प्लॅस्टिकच्या नसतात, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार गंमत वाटली. लाख, दगडाची बारीक पूड आणि रंगासाठी काजळी, असं ते मिश्रण असतं. लाख म्हणजे झाडावरच्या किड्यांनी तयार केलेला पदार्थ. सुतारकाका स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतात तो चपडा हाच. एके काळी जगभरातल्या तबकड्यांसाठी लाख मुख्यतः भारतातून जात असे. म्हणजे विलायतेतल्या साहेबाचा ऑपेरासुद्धा आपल्याकडच्या झाडावरच्या किड्याच्या जिवावर वाजत होता! यातला व्यवहाराचा मुद्दा असा की ७८ ची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये, गाण्यासकट विरघळेल. साधं स्वच्छ पाणी, भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब आणि मऊ कापड. लेबल तेवढं भिजू द्यायचं नाही.

आपल्याकडे या प्रकरणाची सुरुवात १९०२ साली झाली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ साली. त्या काळात गाणं संपलं की गाणारी व्यक्ती शेवटी स्वतःचं नाव मोठ्याने सांगत असे. गौहर जान तर चक्क इंग्रजीत सांगते. याचं कारण असं देतात की हॅनोव्हरच्या कामगारांना कुठलं गाणं कुणाचं हे कळावं. पुढे जगाने ७८ सोडून एलपी धरली, पण आपण इतक्या लवकर सोडतो थोडेच? १९६० च्या दशकात बीटल्सच्यासुद्धा ७८ च्या तबकड्या भारतात निघाल्या. आज परदेशातले संग्राहक त्या शोधत असतात.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावतात. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे आमच्या दहा मार्कांच्या प्रश्नाचं उत्तर दोन मार्कांत लिहिण्यासारखं. जाणकार म्हणतात की त्यात खरं गाणं दिसत नाही. असेल. पण माझ्यासारखीसाठी तीन मिनिटं हाच दरवाजा होता. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्याकडे सकाळी क्वायर आणि गॅदरिंगला पियानो. राग म्हटलं की मला पहिल्यांदा कुणीतरी चिडल्यासारखंच वाटायचं. तास-तास चालणाऱ्या मैफलीत मी कधी टिकले नसते. पण हिराबाई बडोदेकरांची एक तबकडी तीन मिनिटांत संपली आणि मी सुई उचलून परत सुरुवातीला ठेवली. मग परत. अकराव्या वेळी शेजारच्या रूममधून भिंतीवर थाप आली. पण तोवर माझ्या लक्षात आलं होतं की या बाई त्या एका स्वरावर दर वेळी थांबतात आणि मी दर वेळी त्याची वाट बघते. राग म्हणजे काय हे मला तेवढंच कळलं आहे, पण त्यावर माझं चाललं आहे.

आता वाजवतेस कशावर? बाजारातूनच आठशे रुपयांत आणलेल्या चार स्पीडच्या प्लेअरवर. आणला तेव्हा मोटर फिरायची पण तबकडी फिरायची नाही. आपल्या लॅबमधल्या असिस्टंट सरांनी तो उघडला आणि दोन मिनिटांत निदान केलं. मोटरची गती तबकडीपर्यंत नेणारं रबराचं चाक दगड झालं होतं. चाक बदललं, एक फुगलेला कपॅसिटर बदलला, आणि तीस वर्षं मुका असलेला डबा बोलू लागला. त्याची सुई उलटी-सुलटी फिरवता येते, एका बाजूला एलपीची, दुसऱ्या बाजूला ७८ ची. एलपीच्या सुईचं टोक इंचाच्या साधारण हजाराव्या भागाएवढं, ७८ चं त्याच्या तिप्पट. बारीक सुई रुंद चरात टाकली तर ती तळाशी लोळत राहते आणि फक्त खरखर गोळा करते.

वेगही तपासावा लागतो. तबकडीवर कागदाचा कपटा ठेवायचा आणि अर्ध्या मिनिटात तो ३९ वेळा समोरून जातो का ते मोजायचं. वेग सहा टक्क्यांनी जास्त झाला की पट्टी अर्ध्या स्वराने चढते, काळी एकची पांढरी दोन होते आणि गंभीर आवाजाच्या बाई एकदम शाळकरी वाटू लागतात. सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "कंट्रोल सिस्टिमच्या पेपरात हे लिहिलं असतंस तर?" असो.

आता यूट्यूबचा प्रश्न. त्याचं उत्तर मला जुन्या बाजारात नाही, अंतराळात मिळालं. १९७७ साली नासाने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे, आणि ती वाजवायला सुईसुद्धा सोबत दिली आहे. त्यावर सगळ्या पृथ्वीतलं निवडक सत्तावीस तुकड्यांचं संगीत आहे. त्यात बाख आहे, बीथोव्हन आहे आणि केसरबाई केरकर आहेत. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी. केसरबाईंनी तबकड्या मोजक्याच दिल्या. निवड करणाऱ्यांना ही भैरवी हवी होती, पण रेकॉर्ड बाजारातून गेलेली होती. शोधता शोधता ती न्यूयॉर्कमध्ये लेक्झिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली. टेबलावर कापड टाकलेलं, टेबलाखाली धूळ खात पडलेलं खोकं, आणि खोक्यात तीन न उघडलेल्या प्रती. व्हॉयेजर १ ने ५ सप्टेंबरला उड्डाण केलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. २०१२ साली ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं.

मी ही गोष्ट वाचली तेव्हा मला अंतराळाचं काही वाटलं नाही. मला ते टेबल आठवत राहिलं. कुणीतरी वाकून टेबलाखाली बघितलं म्हणून ती भैरवी गेली. नसतं बघितलं तर दुसरं काहीतरी गेलं असतं आणि कुणाला काही चुकल्यासारखं वाटलंही नसतं. आणि याच केसरबाईंचे गुरू, ज्यांच्याकडून ते गाणं आलं ते अल्लादिया खाँसाहेब (१८५५–१९४६), त्यांची एकही तबकडी निघाली नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचाही आवाज आज आपल्याकडे नाही. या दोघांचं गाणं आपण फक्त शिष्यांच्या गळ्यातून आणि लोकांच्या आठवणींतून ओळखतो. यूट्यूबवर सगळं असतं हे खरं नाही. कुणीतरी वाकून उचललेलं तेवढंच तिथे असतं.

हे मला पटलं ते गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधीच्या रविवारी. घरी जायच्या एसटीचे पैसे बाजूला काढून माझ्याकडे सातशे रुपये उरले होते. नेहमीच्या मामांकडे एक लाकडी खोकं होतं आणि त्यात तेवीस तबकड्या. प्रत्येक तबकडी खाकी कागदाच्या पाकिटात, आणि प्रत्येक पाकिटावर शाईने, वळणदार अक्षरात नंबर. सगळ्यांत मोठा नंबर होता ११८. म्हणजे कुणाच्या तरी घरी निदान एकशे अठरा तबकड्या होत्या आणि कुठल्या तरी वहीत त्यांची यादी असणार. वही खोक्यात नव्हती.

"मामा, बाकीच्या कुठे आहेत?"

"बंगला पाडला ना ताई, तिथलं सामान. टेम्पोत खाली ठेवल्या होत्या, वरून कपाट पडलं."

बस, एवढंच. मामांचा काही दोष नाही, त्यांना कपाटाचे पैसे मिळतात. पण त्या वळणदार अक्षराच्या माणसाने इतकी वर्षं जे जपलं ते एका स्पीडब्रेकरवर गेलं.

घासाघीस करून शंभरला एक ठरली. म्हणजे तेवीसपैकी सात. मी आणि माझी रूममेट फुटपाथच्या कडेवर बसलो. ती इ अँड टीसीची, तिला गाण्यापेक्षा आवाजात रस. एकेक लेबल वाचायचं, मोबाईलवर शोधायचं. सापडलं तर डावीकडे, नाही सापडलं तर उजवीकडे. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी निघाली, लेबल नव्यासारखं. लहानपणी हीच तबकडी ऐकून भीमसेन जोशींनी गाण्यासाठी घर सोडलं असं सांगतात. मला ती किती हवी होती ते सांगता येणार नाही. पण ती सगळीकडे ऐकायला मिळते. डावीकडे ठेवली. हात जड झाला होता, पण ठेवली.

सातवी तबकडी मी घेतली ती बघून मामाही हसले. लेबल पूर्ण घासलेलं, नाव नाही, राग नाही, कंपनीच्या चित्राचा जेमतेम एक कोपरा. रूममेट म्हणाली, "अगं, निनावी काय घेतेस? शंभर रुपयांत आपल्या दोघींचं जेवण होतं." पण टिचकी मारली तर इतकी खणखणीत वाजली की ठेववेना.

रात्री हॉस्टेलवर लावली. खरखरीच्या पावसामागून एका बाईंचा आवाज आला. उंच, धिटाईचा, कर्ण्यात तोंड घालून गायल्यासारखा, म्हणजे बहुधा १९२५ च्या आधीचा, कारण त्यानंतर मायक्रोफोन आले. त्या काळी पुष्कळ उस्ताद मंडळी मुद्रण म्हटलं की लांब पळत. आपली विद्या कुणीतरी चोरेल अशी भीती असे. या यंत्रासमोर धीटपणे उभ्या राहिल्या त्या बहुतेक बायकाच. तान घेताना या बाई मध्येच एकदा हसल्यासारख्या वाटतात. गाणं संपलं आणि आम्ही दोघी ताठ बसलो, कारण शेवटी त्या बोलल्या. नाव सांगितलं. आम्हाला ऐकू आलं ते एवढंच, "...बाई", आणि पुढे नुसती खरखर.

आम्ही ते तीस-चाळीस वेळा ऐकलं. रूममेटने ते लॅपटॉपवर घेतलं, फिल्टर लावले, आलेख काढले. नाव नाही निघालं. मग तिने कारण सांगितलं ते साधं भौतिकशास्त्र आहे. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते, कडेला असो की मध्ये. पण कडेचा घेर मोठा, तिथे सुईखालून सेकंदाला जवळजवळ एक मीटर चर जातो. लेबलाजवळ जेमतेम चाळीस सेंटिमीटर. आतल्या बाजूला तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, त्यामुळे तिथे आवाज आधी बिघडतो आणि सुईची झीजही तिथेच जास्त जाणवते. आणि नाव सांगायचं कुठे? अगदी शेवटी, अगदी आत. गाणं राहिलं आणि नाव झिजलं.

पण मघाशी सांगितलेला तो नंबर आठवतो ना? लेबल घासलं तरी गुळगुळीत भागात ठसवलेला नंबर शाबूत आहे. टॉर्च तिरका धरून आम्ही तो वाचला, तीनदा पडताळला. जुन्या तबकड्यांच्या याद्या, कॅटलॉग आणि नंबर जपणारी माणसं आहेत. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स नावाची संग्राहकांची संस्थाच निघाली. पुढच्या सुट्टीत हा नंबर घेऊन अशा लोकांकडे जायचं आमचं ठरलं आहे. मिळेल नाव, किंवा नाही मिळणार. तोवर आमच्या रूममध्ये त्यांना 'बाई' म्हणतात. अभ्यासाला बसायच्या आधी कुणीतरी विचारतं, "बाईंना लावायचं का?"

त्यानंतरच्या रविवारी मी परत गेले होते. उरलेल्या सोळा तबकड्या गेल्या होत्या. कुठल्याशा नव्या कॅफेवाल्याने भिंतीवर लावायला नेल्या म्हणे. झिंझोटीही गेली. भिंतीवर का होईना, अखंड राहतील, असं मी स्वतःला समजावते. पण खिळा नेमका कुठे मारणार, हा विचार येतोच.

म्हणून मंडळी, एक विनंती. तुम्ही सुट्टीला घरी जाल तेव्हा पहिल्या दिवशी लाडू खा, दुसऱ्या दिवशी माळ्यावर चढा. आजी-आजोबांना विचारा. घर पाडायचं, रंगवायचं किंवा विकायचं चाललं असेल तर आधी विचारा. तबकड्या सापडल्या तर आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. ओल लागू देऊ नका, स्पिरिट लावू नका. आणि यादीची वही सापडली तर ती तबकड्यांहून जास्त जपा. स्टाफपैकी कुणाकडे असतील तर त्यांनाही हेच सांगणं, जरा जास्त अदबीने.

इथे आणल्यात तर आम्ही दोघी त्या स्वच्छ करून, मुद्रित करून, जशाच्या तशा परत देऊ. प्लेअर आहे, दोन्ही सुया आहेत, सर आहेत. फक्त येताना एसटीत पायाखाली ठेवू नका, आणि वर कपाट तर नकोच.